वाटाण्याचा हिशेब मांडणारा शिक्षक : ग्रेगोर मेंडेल

शाळेत जीवशास्त्राच्या तासाला आनुवंशिकतेचा धडा सुरू होतो तो वाटाण्याच्या रोपांपासून. ज्यांच्या प्रयोगांवर हा धडा उभा आहे, ते ग्रेगोर मेंडेल स्वतः शाळेत शिक्षक होते. मात्र कायम शिक्षकपदासाठी आवश्यक असलेली परीक्षा ते कधीही उत्तीर्ण होऊ शकले नाहीत.

जुलै १८२२ मध्ये तत्कालीन ऑस्ट्रियन साम्राज्यातील, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील, एका खेड्यात शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मूळ नाव योहान. वडिलांच्या फळबागेमुळे कलमे बांधण्याचे काम त्यांनी लहानपणीच पाहिले. १८३८ मध्ये वडील अपघातात जायबंदी झाले आणि शिक्षणाचा खर्च झेपेनासा झाला. तेव्हा धाकटी बहीण थेरेझिया हिने आपल्या हुंड्यातील वाटा भावासाठी दिला. पुढे तिच्या मुलांच्या शिक्षणाला हातभार लावून मेंडेल यांनी हे ऋण फेडले.

१८४३ मध्ये त्यांनी ब्रुन, आजचे ब्रनो, येथील ऑगस्टिनियन मठात प्रवेश केला. हे शहर लोकर उद्योगाचे केंद्र होते. उत्तम लोकरीच्या मेंढ्या निवडून त्यांचीच पैदास करण्याची पद्धत तेथे रुळली होती. परंतु आईबापांचे गुण काही पिल्लांत का उतरत नाहीत, हे पैदासकारांना उमगत नव्हते. मठाधिपती सिरिल नाप यांनी १८३० च्या दशकातच हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला होता.

मेंडेल १८४९ मध्ये झ्नाइम येथे बदली शिक्षक झाले. १८५० च्या परीक्षेत ते अनुत्तीर्ण झाले, तेही प्राणिशास्त्र आणि भूशास्त्रासारख्या विषयांत. नाप यांनी त्यांना व्हिएन्ना विद्यापीठात पाठवले. तेथे भौतिकशास्त्र व गणिताची शिस्त त्यांना लाभली आणि हाच अभ्यास पुढे निर्णायक ठरला. १८५४ पासून १४ वर्षे त्यांनी ब्रुनच्या शाळेत भौतिकशास्त्र व निसर्गविज्ञान शिकवले. १८५६ मध्ये पुन्हा दिलेली परीक्षा मात्र अर्धवट राहिली.

त्याच वर्षी मठाच्या बागेत प्रयोग सुरू झाले. वाटाण्याच्या ३४ वाणांची दोन वर्षे पारख करून त्यांनी २२ वाण निवडले. कळी उमलण्यापूर्वीच परागकोश काढून दुसऱ्या वाणाचे पराग ते हाताने लावीत. गोल व सुरकुतलेल्या दाण्यांच्या वाणांच्या संकरातून पहिल्या पिढीत सर्व दाणे गोल आले. दुसऱ्या पिढीत ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले दाणे मिळाले. लोपलेला गुण नष्ट झाला नव्हता, तो केवळ झाकला गेला होता. पैदासकारांच्या जुन्या कोड्याची उकल येथेच होती. पाठ्यपुस्तकात केवळ ३:१ हे प्रमाण उरते आणि त्यामागची मोजणी हरवते, ही खेदाची बाब होय. या प्रयोगांत सुमारे २८ हजार रोपे तपासली गेली.

१८६५ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत मेंडेल यांनी ब्रुनच्या निसर्गविज्ञान मंडळापुढे हे निष्कर्ष मांडले. १८६६ मध्ये प्रबंध छापला गेला. त्याची दखल जवळजवळ कोणी घेतली नाही. म्युनिचचे नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ नेगेली यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार झाला खरा. पण हॉकवीड या ज्या वनस्पतीवर त्यांनी पुढे काम केले, तिचे बी बहुधा परागीभवनाविनाच तयार होते, त्यामुळे वाटाण्याचे नियम तिथे दिसेनात.

१८६८ मध्ये मेंडेल मठाधिपती झाले आणि अध्यापन सुटले. अखेरची वर्षे मठावरील कराच्या वादात गेली. ६ जानेवारी १८८४ रोजी त्यांचे निधन झाले आणि त्यांची बहुतेक कागदपत्रे नंतर जाळण्यात आली.

१९०० मध्ये ह्यूगो द व्रीस, कार्ल कोरेन्स आणि एरिख फॉन चेर्माक यांच्या संशोधनातून तो प्रबंध पुन्हा उजेडात आला. १९३६ मध्ये संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी मेंडेल यांचे आकडे अपेक्षेपेक्षा अधिक जुळणारे असल्याचा आक्षेप घेतला. त्यावर दीर्घकाळ वाद झाला, नियम मात्र अबाधित राहिले. दाणा सुरकुतण्यास कारणीभूत असलेले, स्टार्चच्या निर्मितीशी संबंधित जनुक १९९० मध्ये ओळखले गेले. मेंडेल यांनी अभ्यासलेल्या सात गुणांपैकी उरलेल्या तीन गुणांची जनुके २०२५ मध्ये निश्चित झाली.