पंडिता रमाबाईंची विद्या व त्यांची नम्रता

पंडिता रमाबाईंचे नाव ठाऊक नाही असा ख्रिस्ती मनुष्य महाराष्ट्रात विरळाच. त्यांच्या विद्वत्तेविषयी पुष्कळ बोलले जाते. त्या विद्वत्तेचे त्यांनी पुढे काय केले, हे मात्र आपल्या खेडेगावच्या मंडळ्यांत फारसे सांगितले जात नाही.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरी झाला. आईने त्यांना संस्कृत शिकविले व भागवताचे हजारो श्लोक त्यांना मुखोद्गत झाले. पुढे दुष्काळ पडला. शास्त्रीबोवांचे कुटुंब तीर्थोतीर्थी उपाशी हिंडू लागले. तेव्हा कुळाचा व विद्येचा अभिमान आड आला. भीक मागवेना, मोलमजुरी करवेना, आणि पोट भरण्याचा दुसरा उद्योग कोणी शिकविलेला नव्हता. आई, बाप व बहीण एकामागून एक गेली. ही गोष्ट रमाबाईंनी आपल्या लेखांत स्वतः लिहून ठेवली आहे, आणि अभिमान झाकून ठेवलेला नाही. मला तर त्यांच्या नम्रतेचा आरंभ येथेच दिसतो.

१८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. लग्नानंतर दोन वर्षांच्या आतच, १८८२ साली, पती वारले व कडेवर लहानगी मनोरमा राहिली. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेथे फुलहॅम येथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांची सेवा कुलीन भगिनी आपल्या हातांनी करीत आहेत, हे त्यांनी पाहिले. असे का करता, असे विचारल्यावर त्यांना शोमरोनी स्त्रीचा वृत्तांत ऐकविण्यात आला. विहिरीजवळ बसून त्या बाईपाशी पाणी मागणारा प्रभू त्यांच्या अंतःकरणात कायमचा राहिला.

१८८९ साली मुंबईत त्यांनी शारदासदन काढले. पुढे ते पुण्यास गेले. १८९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० स्त्रिया व मुली घेऊन आल्या. उवांनी भरलेली डोकी, खरुजेने चिघळलेली अंगे, अन्नावर तुटून पडणारी मुले! केडगावच्या माळावर मुक्तिसदन उभे राहिले. पतित म्हटल्या गेलेल्या स्त्रियांकरिता तेथे कृपासदन झाले. शेत, स्वयंपाक, हातमाग, तेलघाणा, छापखाना, सर्व कामे मुलींनीच करावी अशी व्यवस्था होती. ज्या हातकामाची लाज धरून एक विद्वान कुटुंब उपाशी मेले, तेच काम त्यांनी प्रत्येक मुलीस शिकविले.

परंतु सर्वांत अवघड काम पुढेच होते. पंचेचाळिशी उलटल्यावर त्या इब्री व ग्रीक भाषांच्या अभ्यासास बसल्या व सुमारे १८ वर्षे पवित्र शास्त्राचे भाषांतर करीत राहिल्या. पंडितांच्या सभेत शोभेल असे संस्कृतप्रचुर मराठी त्यांना सहज लिहिता आले असते. त्यांनी ते लिहिले नाही. अक्षरओळख नुकतीच झालेल्या बाईला कळेल अशीच भाषा त्यांनी पत्करली. वाक्ये काही ठिकाणी ओबडधोबड झाली, असे जाणते म्हणतात, व ते खोटे नाही. पण अलिबाग-रेवदंड्याच्या बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या भगिनीस वचन कळावे, म्हणून आपली विद्या बाजूला ठेवणे सोपे असते काय? उपदेशक बंधूंनी पुढच्या रविवारी उपदेश करताना याचा विचार करावा. कळत नाही म्हणून मंडळी माना डोलावते, आणि आपल्याला वाटते की फार रंगले.

१९१९ साली सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. १९२१ च्या जुलैत मनोरमाबाई आईआधीच प्रभूकडे गेल्या. काम हाती घेणारी मुलगी गेली, तरी रमाबाई पुन्हा खर्डे तपासू लागल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या. त्यांचे संपूर्ण पवित्र शास्त्र १९२४ साली मुक्तिसदनाच्या छापखान्यातून बाहेर पडले. दुष्काळातून आणलेल्या, एके काळी अक्षरशत्रू असलेल्या मुलींना ज्या छापखान्यात खिळे जुळवावयास शिकविले होते, तोच हा छापखाना.