जाक मायोल

जाक मायोल (१ एप्रिल, १९२७:शांघाय, चीन - २२ डिसेंबर, २००१:एल्बा, इटली) हे एक फ्रेंच पाणबुडे होते. श्वसनयंत्राविना, केवळ एका श्वासाच्या बळावर समुद्रात १०० मीटर खोलीपर्यंत जाणारे ते पहिले मानव होत. सागरी सस्तन प्राण्यांसारखी क्षमता मानवी शरीरातही सुप्तावस्थेत असते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

सुरुवातीचे जीवन

मायोल यांचा जन्म शांघायमधील एका फ्रेंच कुटुंबात झाला. हे कुटुंब उन्हाळ्यात जपानमधील कारात्सु येथे जात असे. तेथील किनाऱ्यालगतच्या पाण्यात थोरले बंधू प्येर यांच्यासोबत ते बुडी मारण्यास शिकले. डॉल्फिनही त्यांनी प्रथम याच भागात पाहिला.

१९५७ च्या सुमारास अमेरिकेतील मायामी येथील मत्स्यालयात त्यांचा क्लाउन नावाच्या डॉल्फिन मादीशी संबंध आला. ती श्वास कसा घेते व रोखते आणि कमीत कमी श्रमात पाण्यात कशी वावरते, याचे निरीक्षण करून त्यांनी तिचे अनुकरण केले. पुढे योगासने, प्राणायाम व ध्यान यांचाही त्यांनी आपल्या सरावात समावेश केला.

खोलीचे विक्रम

सुमारे ५० मीटरच्या खाली पाण्याच्या दाबाने छातीचा पिंजरा चिरडला जाईल, अशी त्या काळी अनेक वैद्यकतज्ज्ञांची समजूत होती. इटलीचे एन्झो मायोर्का यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस ही खोली गाठून या समजुतीस पहिला धक्का दिला. १९६६ मध्ये मायोल यांनी बहामा येथे ६० मीटरची बुडी मारली. अमेरिकी नौदलातील रॉबर्ट क्रॉफ्ट यांनी १९६८ मध्ये ७३ मीटर खोली गाठली. या तिघांतील चुरशीमुळे विक्रमाचा आकडा वाढत गेला.

२३ नोव्हेंबर, १९७६ रोजी एल्बा बेटाजवळ मायोल १०० मीटरपर्यंत पोहोचले. त्या वेळी ते ४९ वर्षांचे होते. १९८३ मध्ये, वयाच्या ५६ व्या वर्षी, त्यांनी १०५ मीटर खोली गाठली. या बुड्यांमध्ये वजनदार सांगाड्याच्या साहाय्याने खाली जाऊन हवेने फुगवलेल्या फुग्याच्या आधारे वर येण्याची पद्धत वापरली जाई.

शरीरशास्त्रीय महत्त्व

१०० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या सुमारे ११ पट असतो आणि फुप्फुसांतील हवा मूळ आकारमानाच्या एक-अकरांशावर येते. अशा वेळी हातापायांतील रक्त छातीतील रक्तवाहिन्यांकडे वळते आणि आकुंचनामुळे निर्माण होणारी पोकळी भरून काढते. मायोल यांच्यावरील चाचण्यांत खोल बुडीदरम्यान हृदयाचे ठोके मिनिटाला ६० वरून २७ वर आल्याचे आढळले. सील व डॉल्फिन यांच्यातही पाण्याखाली हृदयगती मंदावते.

बिमिनी रोड

मायोल यांचे नाव उथळ पाण्यातील एका वादग्रस्त शोधाशीही जोडले गेले आहे. २ सप्टेंबर, १९६८ रोजी बहामामधील उत्तर बिमिनी बेटाजवळ जे. मॅन्सन व्हॅलेंटाइन व रॉबर्ट अँगोव्ह यांच्यासह बुडी मारताना त्यांना सुमारे साडेपाच मीटर खोलीवर चुनखडकाच्या मोठ्या शिळांची रांग दिसली. सुमारे ०.८ किलोमीटर लांबीची ही रांग मानवनिर्मित असून ती अटलांटिसचा अवशेष आहे, असा दावा करण्यात आला. भूवैज्ञानिकांच्या मते मात्र वाळू व शिंपल्यांचे कण सांधले जाऊन बनलेल्या किनारी खडकाला नैसर्गिक भेगा पडून या शिळा तयार झाल्या आहेत. हे ठिकाण आज स्नॉर्केलिंगसाठी प्रसिद्ध आहे.

उत्तरायुष्य व मृत्यू

होमो डेल्फिनस या ग्रंथात मायोल यांनी मानव व समुद्र यांच्या नात्याविषयीचे आपले विचार मांडले. १९८८ मध्ये ल्युक बेसाँ यांनी मायोल व मायोर्का यांच्या स्पर्धेवर आधारित ल ग्रां ब्ल्यू हा चित्रपट दिग्दर्शित केला. त्याच्या पटकथालेखनात मायोल यांचा सहभाग होता. चित्रपटात मायोर्का यांच्यावर बेतलेल्या पात्राचा बुडीनंतर मृत्यू होतो. प्रत्यक्षात मायोर्का २०१६ पर्यंत जगले. चित्रपटामुळे मायोल जगभर परिचित झाले. मात्र अखेरच्या काळात ते नैराश्याने ग्रस्त होते. २२ डिसेंबर, २००१ रोजी एल्बा येथील राहत्या घरी त्यांनी आत्महत्या केली. त्या वेळी ते ७४ वर्षांचे होते.

वारसा

२००७ मध्ये ऑस्ट्रियाचे हर्बर्ट निच यांनी याच पद्धतीने २१४ मीटर खोली गाठली. मायोल यांच्या जीवनावर डॉल्फिन मॅन हा माहितीपट २०१७ मध्ये प्रदर्शित झाला.