विश्लेषण : तलाठ्याची नोकरी सोडून ‘सरकार’ चालवणारे क्रांतिसिंह नाना पाटील कोण होते?

मलकापूर : पुणे-बंगळूरु महामार्गावरून मलकापूर-कराड ओलांडून दक्षिणेला निघालात की थोड्याच अंतरावर शेणोली, पुढे कुंडल, वाळवा, येडेमच्छिंद्र ही गावे लागतात. १९४३ ते १९४६ या काळात इथल्या अनेक गावांत इंग्रजांचा अंमल नावालाच उरला होता. त्या ‘प्रतिसरकार’चा चेहरा होते नाना रामचंद्र पाटील. तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्याचा बराचसा भाग साताऱ्यातच होता, म्हणून इतिहासात हे ‘साताऱ्याचे’ सरकार म्हणूनच नोंदले गेले.

नाना चळवळीत कसे आले?

३ ऑगस्ट १९०० हा त्यांचा जन्मदिवस. गाव वाळवा तालुक्यातील येडेमच्छिंद्र. शिक्षण बेताचे. तलाठी म्हणून लागले आणि १९३० मध्ये सविनय कायदेभंगाच्या वेळी राजीनामा देऊन बाहेर पडले. सत्यशोधक विचारांचा संस्कार आधीपासून होताच. सावकारी, हुंडा, कर्ज काढून केलेली लग्ने यांवर ते अस्सल गावरान बोलीत टोले हाणत. शेतकऱ्याला त्याच्याच भाषेत स्वातंत्र्य समजावणारा असा वक्ता त्या भागात दुसरा नव्हता. १९४२ पर्यंत त्यांच्या तुरुंगाच्या अनेक वाऱ्या झाल्या.

प्रतिसरकार का उभे राहिले?

ऑगस्ट १९४२ मध्ये कराड, मग तासगाव, वडूज, इस्लामपूर येथे मामलेदार कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. वडूज आणि इस्लामपूरला पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसे मेली. निःशस्त्र मोर्चाने भागत नाही, असे कार्यकर्त्यांचे मत झाले आणि नाना भूमिगत झाले ते १९४६ पर्यंत. सरकारने त्यांची घरजमीन जप्त केली. ते हाती मात्र लागले नाहीत.

रोजचा कारभार गावोगावचे गट पाहत. जी. डी. बापू लाड, नागनाथ नायकवडी, किसन वीर ही त्यातली ठळक नावे. न्यायदान मंडळे भांडणे मिटवत, तुफान सेना बंदोबस्त पाहत असे. पैसा लागे, तो सरकारचाच घेतला जाई : ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ रेल्वे कर्मचाऱ्यांच्या पगाराची गाडी लुटली गेली, एप्रिल १९४४ मध्ये धुळे भागात सरकारी खजिना. कुंडल औंध संस्थानात होते, हेही पथ्यावर पडले. ब्रिटिश पोलिसांना तिथे थेट हात घालणे अवघड जाई.

‘पत्री’ हे नाव कुठून आले?

गुंड, खबरे, छळणारे सावकार यांच्या तळपायावर मार देण्याची शिक्षा होती. बैलाला पत्री ठोकतात तशी, म्हणून ‘पत्री सरकार’. हे नाव आज कौतुकाने घेतले जाते, पण या शिक्षेवर अपील नव्हते आणि ती देणारे बहुतेक विशी-पंचविशीतले होते. गावांना न्याय जवळ मिळाला हे खरे. तो प्रत्येक वेळी न्यायच होता, असे म्हणता येणार नाही.

ते टिकले कसे?

याच सुमारास, जानेवारी १९४६ मध्ये, इराणमधील महाबाद या छोट्या कुर्दी गावात काझी मुहम्मद यांनी प्रजासत्ताक जाहीर केले. त्याला राजधानी होती, मंत्रिमंडळ होते, आधार मात्र सोव्हिएत फौजांचा. त्या मे महिन्यात माघारी गेल्या, डिसेंबरमध्ये इराणी सैन्य आले आणि मार्च १९४७ मध्ये काझींना त्याच गावात फाशी दिली गेली. साताऱ्यात काबीज करायला राजधानीच नव्हती. जे होते ते भाकरी देणाऱ्या घरांच्या भरवशावर. १९४६ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यावर नाना उघडपणे लोकांसमोर आले.

पुढे काय झाले?

स्वातंत्र्यानंतर नाना काँग्रेसमध्ये रमले नाहीत. आधी शेतकरी कामगार पक्ष, मग कम्युनिस्ट पक्ष. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत १९५७ मध्ये ते साताऱ्यातून आणि १९६७ मध्ये थेट बीडमधून लोकसभेवर गेले. साताऱ्याच्या माणसाला मराठवाड्याने निवडून द्यावे, हे आजच्या जातीपातीच्या गणितात बसत नाही. कन्या हौसाताई याही भूमिगत लढ्यात होत्या; त्यांचे निधन २०२१ मध्ये झाले.

नाना ६ डिसेंबर १९७६ रोजी मिरजेत वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे अंत्यसंस्कार वाळव्यात झाले.