गावाच्या वर्गणीतला विश्वविजेता

(एस. वाय. बी. ए.)

धावण्याच्या शर्यतीला दोन पाय पुरतात. कुस्तीला लंगोट आणि लाल माती पुरते. कबड्डीला तर तेवढेही नको, छातीत दम हवा. पण जगात एक खेळ असा आहे, की त्यात उतरायचे म्हटले तर घरदार विकूनही भागत नाही. तो खेळ म्हणजे मोटारींची शर्यत! ज्याच्याजवळ पैसा त्याची गाडी वेगवान आणि ज्याची गाडी वेगवान तो पुढे, असा हा सरळ हिशेब. मग या खेळात पैशाला किंमत किती आणि गुणाला किती? हा वाद खेळाइतकाच जुना आहे. एका माणसाचे चरित्र वाचताना मला त्याचे उत्तर सापडल्यासारखे वाटले. म्हणून मोटारीत क्वचितच बसलेली मी, मोटार शर्यतीच्या एका सम्राटाविषयी लिहीत आहे. त्याचे नाव हुआन मॅन्युएल फँजिओ.

दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिना या देशात, राजधानी ब्युनोस आयर्सपासून सुमारे ४०० किलोमीटरवर बालकार्से नावाचे गाव आहे. आजूबाजूला बटाट्याची शेते. पोटासाठी इटलीहून आलेली अनेक कुटुंबे त्या भागात स्थायिक झाली होती. त्यांपैकीच एक फँजिओचे कुटुंब. वडील लोरेतो गवंडीकाम आणि घरे रंगवण्याचे काम करीत. आई एर्मिनिया घर सांभाळी. सहा भावंडे. २४ जून १९११ रोजी या घरात हुआन जन्मला. पाय जरा वाकडे टाकी आणि त्याच वाकड्या पायांनी फुटबॉल असा काही वळवी, की मित्रांनी त्याचे नावच ‘एल चुएको’, म्हणजे फेंगडा, असे ठेवले. पुढे तो जगज्जेता झाला तरी गावाने हे नाव सोडले नाही.

शाळा लवकर सुटली. बाराव्या-तेराव्या वर्षीच तो गॅरेजमध्ये हेल्पर म्हणून लागला. इंजिन उघडायचे, धुवायचे, जोडायचे, हीच त्याची विद्या आणि ग्रीसने काळे झालेले हात हेच तिचे प्रमाणपत्र. मध्ये न्यूमोनियाने त्याला अंथरुणाला खिळवले. आईने शुश्रूषा करून त्याला परत उभे केले. १९३२ साली, एकविसाव्या वर्षी, तो सक्तीची लष्करी सेवा करीत होता. परत आल्यावर मित्रांच्या साथीने त्याने गावात स्वतःचे छोटेसे गॅरेज काढले.

येथे मला दुसऱ्या एका माणसाची आठवण देणे भाग आहे. सयामच्या राजघराण्यातील बिरा हा राजपुत्र त्याच काळात इंग्लंडमध्ये राहत होता. त्याच्या एकविसाव्या वाढदिवसाला त्याच्या चुलतभावाने, राजपुत्र चुलाने, त्याला काय भेट द्यावी? शर्यतीची नवी कोरी गाडी! एकविसावे वर्ष दोघांच्याही आयुष्यात आले. एकाच्या हाती स्वतःच्या मालकीचे चाक आले, दुसऱ्याच्या अंगावर शिपायाचा गणवेश. बिराला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. तो खरोखरच उत्तम चालक होता. पण तो उत्तम आहे हे जगाला कळावे, यासाठी त्याला कोणाच्या दारात जावे लागले नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

फँजिओची पहिली शर्यत १९३६ सालची. गाडी कोणती? मित्राच्या वडिलांची फोर्ड टॅक्सी! तिलाच थोडे ठोकूनठाकून त्याने शर्यतीत उतरवले. इंजिनाने वाटेतच दगा दिला. पुढची दोन-तीन वर्षे अशीच उसनवारीच्या आणि जोडजुळवणीच्या गाड्यांवर गेली. मुलाच्या हातात काहीतरी आहे हे बालकार्सेच्या लोकांना दिसत होते, पण त्याच्या खिशात काही नाही हेही दिसत होते. तेव्हा १९३९ साली गावाने एक गोष्ट केली. गावाने वर्गणी काढली आणि आपल्या एल चुएकोसाठी एक नवी शेव्हरोले गाडी घेतली.

वाचता वाचता या ठिकाणी मी थांबले. वर्गणी म्हणजे काय हे मला कोणी समजावून सांगायला नको. आमच्या गावात सप्ताहाला वर्गणी निघते, गणपतीला निघते, देवळाच्या कळसाला निघते. पण एका हेल्पर पोराला मोटार घेऊन देण्यासाठी वर्गणी? हे वाचून मी माझ्या वडिलांना सांगितले. ते ट्रॅक्टर दुरुस्तीचे काम करतात, शिक्षण सातवीपर्यंत. त्यांनी किती शर्यती जिंकल्या वगैरे काही विचारले नाही. गावाचे पैसे घेऊन तो माणूस पुढे गावाला विसरला तर नाही ना, एवढेच विचारले.

त्यांच्या या प्रश्नाचे मूळ मला ठाऊक आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. माझ्या प्रवेशाचे पैसे आईच्या भिशीतून, मोठ्या काकांकडून आणि शेजारच्या सुतारकाकांकडून जमा झाले. तीही एक लहानशी वर्गणीच होती. बारावीला माझ्यापेक्षा एकतीस गुण जास्त मिळवणारी माझी मैत्रीण मात्र आज द्राक्षाच्या बागेत रोजाने जाते. तिच्यासाठी वर्गणी निघाली नाही. गुण या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत आणि तिच्याकडे दोन्ही होते. म्हणून गुणी माणूस आपल्या गुणांच्या बळावर वर येतोच, असे कोणी भाषणात म्हणाले की माझ्या टाळ्या वाजत नाहीत. बालकार्सेतही चांगला हात असलेली आणखी पोरे असतीलच. त्यांची नावे आज कोणत्या पुस्तकात आहेत?

गावाचा पैसा वाया गेला नाही. पुढच्याच वर्षी, १९४० साली, ब्युनोस आयर्सहून पेरू देशाची राजधानी लिमापर्यंत आणि तेथून परत अशी महाशर्यत झाली. अंतर सुमारे ९,५०० किलोमीटर! अँडीज पर्वताचे घाट, कच्चे रस्ते, धूळ, हाडे गोठवणारी थंडी. मोडेल ते स्वतःच दुरुस्त करायचे. अशा वेळी नुसता चालक काय कामाचा? तेथे मेकॅनिक लागतो. फँजिओ दोन्ही होता. तो शेव्हरोले घेऊन पहिला आला. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही तो राष्ट्रीय विजेता ठरला. ज्या गरिबीने त्याला गॅरेजमध्ये ढकलले होते, त्याच गॅरेजने त्याला श्रीमंतांच्या मुलांकडे नसलेली विद्या दिली होती.

मग महायुद्धामुळे शर्यती बंद पडल्या. उमेदीची वर्षे जुन्या ट्रकांच्या खरेदी-विक्रीत गेली. युद्ध संपले तेव्हा त्याने पस्तिशी गाठली होती. १९४८ च्या ब्युनोस आयर्स ते काराकास या शर्यतीत पेरूमधील एका गावाजवळ रात्रीच्या वेळी त्याची गाडी रस्ता सोडून खाली कोसळली. त्याचा सोबती दानिएल उरूतिया त्या अपघातात मरण पावला. उरूतिया त्याचा मित्र होता. हा घाव एवढा खोल होता, की शर्यत कायमची सोडावी असा विचार त्याच्या मनात घोळत होता. या खेळात पैशापेक्षाही मोठी किंमत मोजावी लागते आणि ती परत करता येत नाही, हे त्याला त्या रात्री कळले असावे.

तरीही तो परत चाकामागे बसला. अर्जेंटिनाच्या ऑटोमोबाइल क्लबने सरकारच्या पाठबळावर मासेराती गाड्या विकत घेतल्या आणि १९४९ साली त्याला युरोपात पाठवले. गावाच्या वर्गणीवरून आता देशाच्या वर्गणीवर गोष्ट आली! युरोपात या अडतिशीच्या, टक्कल पडू लागलेल्या, अबोल माणसाला कोण ओळखणार? त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये इटलीत सान रेमोची शर्यत झाली. पहिला आला गवंड्याचा मुलगा फँजिओ. दुसरा कोण आला असेल? राजपुत्र बिरा! वाढदिवसाची भेट आणि गावाची वर्गणी एकाच रेषेवर उभी राहिली तेव्हा काय झाले, ते जगाने पाहिले. पण हेही विसरता येत नाही, की त्या रेषेपर्यंत पोहोचायला एकाला एकच वाढदिवस लागला आणि दुसऱ्याला तेरा वर्षे लागली.

१९५० साली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली. पहिल्या वर्षी फँजिओ दुसरा आला. १९५१ मध्ये आल्फा रोमिओ गाडीवर तो विश्वविजेता झाला. त्यानंतर आल्फा कंपनीने पैशाअभावी शर्यतीच सोडल्या. पाहा, विश्वविजेत्याच्या हातूनही पैसा चाक काढून घेऊ शकतो! १९५२ मध्ये तर तो मरता मरता वाचला. ठरलेले विमान हुकले, म्हणून पॅरिसहून रात्रभर गाडी हाकत त्याने मॉन्झा गाठले आणि थकलेल्या अंगाने शर्यतीत उतरला. दुसऱ्याच फेरीत अपघात झाला, मानेचे हाड मोडले. उरलेले वर्ष अंथरुणात गेले. पण १९५४ आणि १९५५ मध्ये मर्सिडीज, १९५६ मध्ये फेरारी आणि १९५७ मध्ये मासेराती या गाड्यांवर त्याने ओळीने चार विश्वविजेतेपदे मिळवली. त्यांपैकी १९५४ ची सुरुवात त्याने मासेरातीवर केली होती.

त्याचे टीकाकार म्हणतात, की तो नेहमी सर्वांत चांगली गाडी हेरून त्या संघात जाई. आरोप खरा आहे, पण मला तो आरोप वाटत नाही. ज्याने टॅक्सीवर पहिली शर्यत केली, त्याला चांगल्या गाडीची किंमत कळायची नाही तर कोणाला? गाडीशिवाय गुण मुका असतो, हे त्याने बालकार्सेतच ओळखले होते. म्हणूनच तो मेकॅनिकांना बरोबरीने वागवी आणि जिंकलेल्या रकमेत त्यांचा वाटा ठेवी.

पैशाने न मिळणारे एक दान त्याला १९५६ साली मॉन्झा येथे मिळाले. त्याची फेरारी बिघडून थांबली होती. त्याच संघातील चोवीस वर्षांचा इंग्रज तरुण पीटर कॉलिन्स स्वतः विश्वविजेतेपदाच्या शर्यतीत होता. तो थांबला, गाडीतून उतरला आणि आपली गाडी फँजिओला दिली. तेव्हाच्या नियमांत ते बसत होते. फँजिओ दुसरा आला आणि चौथ्यांदा विश्वविजेता झाला. कॉलिन्सला पुढे विश्वविजेता होता आलेच नाही. दोनच वर्षांनी जर्मनीतील शर्यतीत त्याचा अंत झाला.

त्याच जर्मनीत, न्यूरबुर्गरिंग येथे, ४ ऑगस्ट १९५७ रोजी फँजिओने आपल्या आयुष्यातील सर्वश्रेष्ठ शर्यत केली. एक फेरी २२ किलोमीटरहून लांब, डोंगर-जंगलातील दीडशेहून अधिक वळणे आणि अशा २२ फेऱ्या. मध्यावर पेट्रोल आणि चाकांसाठी तो थांबला आणि त्या कामाला नको तेवढा वेळ लागला. पुढच्या दोन फेरारी गाड्या, हॉथॉर्न आणि कॉलिन्स यांच्या, सुमारे पाऊण मिनिट पुढे निघून गेल्या. तेव्हा फँजिओ ४६ वर्षांचा होता. पुढचे दोघे त्याच्या मुलांच्या वयाचे. मग त्याने प्रत्येक फेरीला स्वतःचाच विक्रम मोडायला सुरुवात केली. ९ मिनिटे १७.४ सेकंदांची फेरी त्याने काढली. तोवर त्या रस्त्यावर एवढ्या वेगाने कोणी गेले नव्हते. शेवटून दुसऱ्या फेरीत त्याने दोघांनाही मागे टाकले आणि ३.६ सेकंदांनी शर्यत जिंकली. मासेरातीच्या तिजोरीत तेव्हा खडखडाट होत आला होता. वर्ष संपता संपता तिनेही आपला संघ गुंडाळला. गाडी सारखीच, पैसा कमीच, वय जास्तच. मग ते पाऊण मिनिट भरून काढले कोणी? त्या दिवशी गुणाने पैशाचे सगळे देणे फेडले.

१९५८ मध्ये हवाना येथे कॅस्ट्रोच्या क्रांतिकारकांनी त्याला पळवले आणि एका दिवसानंतर सुखरूप सोडले. त्याच वर्षी तो निवृत्त झाला. ५१ जागतिक शर्यती, २४ विजय, पाच विश्वविजेतेपदे! त्याचा पाचाचा विक्रम २००३ पर्यंत टिकला.

आज या खेळातला पैसा शेकडो पटींनी वाढला आहे, पण प्रश्न तोच आहे. एस्तेबान ओकॉन या फ्रेंच तरुणाचे वडील मेकॅनिक. मुलाच्या शर्यतींसाठी आईवडिलांनी घर आणि गॅरेज विकले आणि कुटुंब चाकांवरच्या घरात राहिले. तो पोहोचला फोर्स इंडिया या संघात. २०१८ साली तो संघ कर्जात बुडाला आणि कॅनडाच्या लॉरेन्स स्ट्रोल या धनिकाच्या गटाने विकत घेतला. पुढच्या वर्षी ओकॉनच्या जागी मालकाचा मुलगा लान्स बसला. लान्सही चांगला चालक आहे. पण वर्षभर बाहेर बसला तो मेकॅनिकचा मुलगा. ओकॉनला २०२० मध्ये दुसऱ्या संघाने घेतले आणि २०२१ साली हंगेरीची शर्यत त्याने जिंकली. त्याला परत बोलावणारे कोणी नसते तर?

पैसा मोठा की गुण, असा सामना लावणेच मला आता चुकीचे वाटते. गुण बीजासारखा असतो आणि पैसा पाण्यासारखा. पाणी दगडावर ओतले तर पीक येत नाही हे खरे, पण कोरड्या मातीत बी जळून जाते हेही तितकेच खरे. खरा प्रश्न असा, की पाणी कोणाच्या विहिरीतले आणि ते कोणाच्या शेतात जाते? श्रीमंताच्या मुलाला बाप पाणी देतो. गरिबाच्या मुलाला ते गावाने द्यावे लागते.

फँजिओ १७ जुलै १९९५ रोजी ब्युनोस आयर्स येथे वारला. साऱ्या जगाने त्याला डोक्यावर घेतले होते, कोठेही त्याची समाधी झाली असती. पण त्याला नेले बालकार्सेला आणि तेथेच पुरले. १९८६ पासून त्या गावात त्याच्या नावाचे संग्रहालय आहे. जगभरातली माणसे त्या बटाट्याच्या गावी मुद्दाम जातात आणि त्याच्या गाड्या, त्याचे चषक पाहतात. १९३९ साली ज्यांनी चार नाणी काढून दिली, त्यांच्या नातवंडांच्या गावाचे नाव आज जगाच्या नकाशावर आहे. वर्गणीची परतफेड याहून वेगळी काय असते?