डॉ. काहाल आणि मेंदूच्या पेशींचा प्रवास

बाळाच्या एमआरआय रिपोर्टवर ‘लिसेनसेफली’ हा शब्द आला की आपल्या सातारा-सांगली भागातल्या अनेक घरांत आधी आईची चूक शोधली जाते. ग्रहणात भाजी चिरली, शेतात वाकून काम केलं, गाडीवर बसली, अशी यादी तयार होते. तुमच्या घरात असं होत असेल, तर स्पेनमधल्या एका डॉक्टरची ओळख करून घ्या.

सांतियागो रामोन इ काहाल यांचा जन्म 1 मे 1852 रोजी पेतिया दे आरागोन या लहानशा गावात झाला. वडील शल्यचिकित्सक होते. मुलगा मात्र खोडकर आणि चित्रकलेचा वेडा. वडिलांनी त्याला काही काळ न्हाव्याकडे आणि बूट शिवणाऱ्याकडे कामालाही ठेवलं. शेवटी हाडांची चित्रं काढता काढताच त्याला वैद्यकाची गोडी लागली. 1873 मध्ये ते डॉक्टर झाले. लष्करी डॉक्टर म्हणून क्यूबाला गेल्यावर त्यांना मलेरियाने गाठलं आणि परतल्यावर क्षयरोगाने. याच काळात त्यांनी स्वतःच्या पैशाने सूक्ष्मदर्शक घेतला.

1887 मध्ये त्यांना इटलीच्या गोल्जी यांची चांदीच्या क्षाराने पेशी रंगवण्याची पद्धत पाहायला मिळाली. तिच्यात मोजक्याच पेशी काळ्या होतात, पण अगदी टोकापर्यंत दिसतात. काहाल यांनी ती सुधारली आणि भ्रूण व नवजात प्राण्यांचे मेंदू तपासायला घेतले. 1888 मध्ये त्यांनी दाखवून दिलं की मेंदू म्हणजे सलग जाळं नसून सुट्या पेशींची रचना आहे. याच बार्सिलोनातल्या वर्षांत त्यांची एक लहान मुलगी मेंदूच्या आवरणाच्या दाहाने दगावली. तरीही काम थांबलं नाही. 1906 चं नोबेल पारितोषिक त्यांना गोल्जींबरोबर विभागून मिळालं. 17 ऑक्टोबर 1934 रोजी माद्रिद येथे त्यांचं निधन झालं. त्यांनी काढलेली चित्रं आजही पाठ्यपुस्तकांत छापली जातात.

या शोधाचा तुमच्या बाळाशी काय संबंध?

1890 च्या सुमारास काहाल यांना नवजात प्राण्यांच्या मेंदूच्या अगदी वरच्या थरात काही वेगळ्या पेशी दिसल्या. आज त्यांना काहाल-रेट्झियस पेशी म्हणतात. त्यांचं काम काय, हे कळायला शंभर वर्षं लागली. 1995 मध्ये सापडलेलं ‘रीलिन’ हे प्रथिन या पेशी तयार करतात.

गर्भात मेंदूच्या पेशी आतल्या भागात जन्मतात आणि मुख्यतः तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात बाहेरच्या थराकडे सरकतात. कुठे थांबायचं, याचा इशारा त्यांना रीलिनमुळे मिळतो. एखाद्या जनुकातल्या दोषाने हा प्रवास बिघडला, तर मेंदूवर नेहमीच्या घड्या पडत नाहीत आणि तो गुळगुळीत राहतो. हीच लिसेनसेफली. क्वचित गर्भातला विषाणूसंसर्गही कारण ठरतो. ग्रहणाचा किंवा आईच्या कामाचा यात काहीही संबंध नाही.

पाचव्या महिन्याची सोनोग्राफी नॉर्मल होती, मग हे कसं? त्या वयात प्रत्येक बाळाचा मेंदू जवळपास गुळगुळीतच असतो. घड्या नंतर पडतात.

पुढे काय करावं?

- बाळ वारंवार झटक्याने अंग मुडपत असेल तर त्याला दचकणं किंवा पोटदुखी समजू नका. ते आकडीचं लक्षण असू शकतं. मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.
- हा आजार मुळापासून बरा करणारं औषध नाही. पण आकडीची औषधं, फिजिओथेरपी आणि दूध श्वासनलिकेत न जाऊ देता पाजण्याची पद्धत यांनी बाळाचा त्रास कमी होतो. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राबद्दल आशाताईंकडे चौकशी करा.
- पुढच्या गर्भारपणाआधी जनुकीय तपासणी करून घ्या. अनेकदा दोष बाळातच नव्याने झालेला असतो आणि तो पुन्हा होण्याची शक्यता फार कमी असते. काही प्रकारांत मात्र आई किंवा दोन्ही पालक वाहक असतात. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात धोका 25 टक्के असतो. मामाच्या मुलीशी किंवा इतर नात्यात लग्न झालं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आणि पुढच्या तपासणीला बाळाची आजी आणि वडील यांनाही सोबत न्या. कारण त्यांनीही डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं, तर आईवरचा दोष लवकर उतरतो.