वारकऱ्यांच्या डोक्यावर छप्पर घालणारे श्री गाडगेबाबा

वारीला निघायचे म्हटले की घरची माणसे पडशी भरून देतात. दशम्या, चटणी, धोतराचा जोड, टाळ, हरिपाठाची पोथी, सगळे आठवणीने घालतात. एकच गोष्ट त्या पडशीत कोणाला घालता येत नाही, ती म्हणजे रात्रीचा मुक्काम. मोठ्या दिंडीत चालणाऱ्याची ही काळजी दिंडीवाले वाहतात. पण दोन-तीन दिवसांच्या पायी यात्रेला जे नवराबायको, सासूसून, म्हातारे बापलेक आपले आपण निघतात, त्यांना दिवस कलला की धडकी भरते. पाय दुखतात त्याचं काही नाही हो, पण पाठ कुठे टेकायची?

आम्हालाही हा प्रश्न एकदा पडला होता. पौष वद्य एकादशीला श्रीनिवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी नाशिकहून त्र्यंबकेश्वरास पायी जावे म्हणून आम्ही घरच्या माणसांसह निघालो. नाशिकला पोचायला रात्र झाली. थंडी अशी की बोलताना दात वाजत होते. एका घरी खोली विचारली, तर मालकाने आमच्या पडशीकडे पाहून भाडे सांगितले. ते ऐकून आम्ही मुकाट्याने पायरी उतरलो. दुसरीकडे जागा होती, पण ती सगळ्यांमध्ये उघड्यावर. बरोबरच्या बायामाणसांनी लुगडे कुठे बदलावे, हे तिथे कोण सांगणार? शेवटी एका चहावाल्याने गाडगे महाराजांच्या धर्मशाळेची वाट दाखविली. तिथे आडोशाची जागा मिळाली, परवडेल अशी मिळाली आणि झाडून ठेवलेली मिळाली. त्या रात्री अंगावर घोंगडी ओढताना मनात आले की, हे छप्पर ज्याने घातले त्याचे चरित्र आपल्या वारकरी बंधुभगिनींपुढे एकदा मांडावे. तोच योग आज आला आहे.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी, महाशिवरात्रीच्या दिवशी, वऱ्हाडात अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे झाला. वडील झिंगराजी, आई सखुबाई, घराणे परिटाचे. मुलाचे नाव डेबूजी. घरात दारू शिरली आणि तिने झिंगराजींना नेले. विधवा सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन भावाच्या घरी दापुऱ्यास आली. म्हणजे बघा, दुसऱ्याच्या छपराखाली राहणे काय असते हे बाबांना बालपणीच कळले. मामाच्या घरी ते आश्रित म्हणून बसून राहिले नाहीत. गुरे राखली, नांगर धरला, शेत राखले. पुढे सावकाराच्या कागदाने मामांची शेतीही घेतली. बाबांना अक्षर येत नव्हते, पण अंगठा उठविल्याने घर कसे बसते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. म्हणूनच पुढे प्रत्येक कीर्तनात कर्ज आणि दारू ह्या दोन गोष्टींवर त्यांचा कोरडा पडल्याशिवाय राहत नसे.

लग्न झाले, कुंताबाई घरात आल्या, लेकरे झाली. पहिल्या मुलीच्या बारशाला जातीची रीत म्हणून दारू-मटणाचे जेवण घालायचे होते. डेबूजींनी ती रीत मोडली आणि पंगतीला गोडधोड वाढले. जातभाई नाराज झाले, पण हा गडी हलला नाही. पुढे १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात काठी आणि एक मातीचे गाडगे, एवढाच प्रपंच. त्याच गाडग्यात भाकरी मागायची, त्यातच खायची, त्यातच पाणी प्यायचे. त्यावरून लोक गाडगेबाबा म्हणू लागले. चिंध्यांच्या गोधडीवरून कोठे गोधडेबाबाही म्हणत.

घर सोडल्यावर बारा वर्षे बाबा फिरत राहिले. ह्या बारा वर्षांत त्यांचा मुक्काम कोठे असे? देवळाच्या पायरीवर, झाडाखाली, नदीच्या वाळूत, कुणाच्या गोठ्याच्या कडेला. त्या अवतारात कोण घरात घेणार? किती दारांवरून त्यांना हाकलून दिले असेल त्याची गणती नाही. गावात शिरायचे, न सांगता खराटा घेऊन रस्ता झाडायचा, झाडून झाल्यावर शिळी भाकरी मागायची आणि रात्री त्याच झाडलेल्या जागी लोकांना जमवून कीर्तन करायचे. असा त्यांचा क्रम. वऱ्हाडी बोलीत समोरच्या माणसाला प्रश्न विचारायचा, त्याच्या तोंडून उत्तर काढायचे आणि त्याचे त्यालाच शहाणे करायचे, अशी ती कीर्तने होती. कोणी पाया पडायला वाकला की बाबा काठी उगारीत. आपण कोणाचे गुरू नाही आणि आपल्याला कोणी शिष्य नाही, हे ते बजावून सांगत.

यात्रेकरूचे हाल बाबांच्या मनाला प्रथम लागले ते पूर्णाकाठी ऋणमोचनला. पौषात तिथे यात्रा भरते. नदीला उतरायला धड वाट नव्हती. चिखलात म्हातारी माणसे घसरायची, बायका डोक्यावरच्या घागरीसकट पडायच्या. बाबांनी स्वतः टोपले उचलले. त्यांना पाहून इतरांनी उचलले. १९०८ साली तिथे पूर्णेवर घाट बांधला गेला. पुण्य मिळवायला आलेल्या माणसाचे हातपाय मोडू नयेत, एवढा साधा विचार त्यामागे होता. पुढच्या साऱ्या धर्मशाळांचे मूळ आम्हाला ह्या घाटाच्या पहिल्या पायरीत दिसते.

आता पंढरपूरचे ऐका. आषाढी एकादशीला पाऊस हटकून गाठतो. चंद्रभागा भरलेली, वाळवंट पाण्याखाली, मठ भरलेले, ओट्याओट्यावर माणसे. मागच्या काळात ह्या गर्दीत पटकीची साथ शिरायची आणि यात्रेला आलेला माणूस घरी परत जाईलच ह्याचा भरवसा नसे. त्यातही ज्यांच्या गाठीला चार पैसे होते त्यांना कोणाच्या तरी वाड्यात जागा मिळे. पण ज्या वारकऱ्यांना समाजाने अस्पृश्य ठरविले होते, त्यांनी काय करावे? ते आपल्यासारखेच पायी आलेले, आपल्यासारखेच टाळ कुटलेले, गळ्यात तीच तुळशीची माळ. मात्र त्यांना देऊळ बंद, वाडे बंद, मठ बंद. चिखलात उभे राहून कळसाला हात जोडायचे आणि पावसात भिजत रात्र काढायची.

श्रीचोखोबारायांची कथा आपण सारे ऐकत आलो आहोत. मंगळवेढ्यास गावकूस कोसळून त्यांनी देह ठेवला आणि त्यांची समाधी पंढरीला महाद्वाराशी झाली. आपण ती पायरी डोळे पुसून ओलांडतो. पण चोखोबांच्याच भाईबंदांना सहाशे वर्षांनंतरही पंढरीत पाठ टेकायला जागा नव्हती, ह्याची लाज किती जणांना वाटली? बाबांना वाटली. बारा वर्षांची भटकंती संपता संपता, १९१७ साली, त्यांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळेचे काम हाती घेतले. श्रीविठ्ठलमंदिराचे दार सर्वांसाठी उघडले ते पुढे १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. म्हणजे देवाच्या दाराआधी तीस वर्षे बाबांनी मुक्कामाचे दार उघडले. वारकरी मायबापहो, हा हिशेब आपण मनाशी ठेवावा.

पैसा कोठून आला? कीर्तनातून. पण बाबांनी तो हाताला लावला नाही. देणगी आली की ती जबाबदार माणसांच्या हवाली व्हायची, तिचा जमाखर्च व्हायचा, आणि बाबा आपले गाडगे घेऊन पुढच्या गावाला. पंढरपुरात मराठा धर्मशाळा आणि परीट धर्मशाळाही त्यांच्यामुळे उभ्या राहिल्या. श्रीज्ञानोबारायांच्या आळंदीस, श्रीतुकोबारायांच्या देहूस, नाशिकला आणि मूर्तिजापूरला धर्मशाळा झाल्या. धर्मशाळा म्हणजे नुसत्या चार भिंती नव्हेत. दमून आलेल्या माणसाला चूल पेटविता यावी, भांडे मिळावे, लेकीसुनांना आडोसा असावा आणि जागा स्वच्छ असावी, हे बाबांनी पाहिले. स्वतः अनवाणी चाललेल्या माणसाला हे कोणी शिकवावे लागत नाही.

स्वतः मात्र ते ह्या मोठमोठ्या इमारतींत सुखाने राहिले नाहीत. घर सोडल्यावर त्यांनी पुन्हा घर केले नाही, मग ते धर्मशाळेच्या नावाने तरी का करतील? पंढरीला आले म्हणजे वाळवंट झाडायचे, लोकांनी केलेली घाण उचलायची, रात्री कीर्तन करायचे. लाखो लोक दर्शनाच्या रांगेत उभे असताना हा माणूस त्यांच्या पायाखालची वाट साफ करीत असे. कुंताबाईंनाही त्यांनी ह्या संस्थांचा थाट भोगू दिला नाही. बायकोमुलांचा किंवा कोणाही नातलगाचा ह्या संस्थांवर काडीचाही हक्क नाही, असे त्यांनी ठरवून टाकले होते. १९५२ साली श्री गाडगेबाबा मिशन स्थापन झाले आणि धर्मशाळा, शाळा, वसतिगृहे, सदावर्ते ह्यांचा कारभार मिशनकडे गेला.

बाबा कठोर होते का? संसारी माणसाला तसे वाटेल. १९२३ साली एकुलता एक मुलगा गोविंद गेल्याची बातमी त्यांना कोकणात खारेपाटणला कीर्तनात कळली. कीर्तन थांबले नाही. आम्ही हा प्रसंग आठवतो तेव्हा आमच्याने तो नीट सांगवत नाही. एवढेच कळते की, ज्याने आपल्या एका घराची माया बाजूला ठेवली, त्याला जगाचे घर दिसले.

एका गोष्टीकडे मात्र आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो. ज्या चोखामेळा धर्मशाळेसाठी बाबांनी गावोगाव कीर्तने केली, ती त्यांनी कवटाळून धरली नाही. १९४९ साली ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला मुलांच्या वसतिगृहासाठी दिली. काल जिथे भिजलेल्या वारकऱ्याने अंग कोरडे केले, तिथे आज गरिबाच्या मुलाने पुस्तक उघडावे! स्वतः निरक्षर असलेल्या बाबांनी शिकायला निघालेल्या पोरालाही वारकरीच मानले, असे आम्हाला वाटते.

मुंबईतही तेच. खेड्यातला माणूस आजारी माणसाला घेऊन जे. जे. रुग्णालयात येतो. रोग्याला खाट मिळते, पण बरोबरच्या माणसाला फुटपाथ. ते पाहून १९५४ साली बाबांनी तिथे रोग्यांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा केली. पुढे त्यांच्या पश्चात मिशनने दादरला टाटा रुग्णालयात येणाऱ्या कर्करोग्यांसाठी धर्मशाळा चालविली. पंढरीची वाट असो की दवाखान्याची, परक्या गावात रात्र पडलेला गरीब माणूस सारखाच. बाबांना त्या दोघांत भेद दिसला नाही.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. बाबांची प्रकृती आधीच ढासळली होती. पंधरवड्यातच, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे जात असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी मोटारीतच त्यांचा प्राण गेला. हजारो लोकांच्या रात्रीची सोय करणाऱ्या ह्या माणसाने शेवटची रात्र वाटेवर काढली. डोक्यावर ना घराचे छप्पर, ना धर्मशाळेचे. ज्या वाटेवर १९०५ साली पाऊल टाकले, ती वाट त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. अमरावतीस त्यांची समाधी आहे. वऱ्हाडात गेलात तर तिथे माथा टेकून यावे, आणि जमले तर जवळची थोडी जागा झाडून यावी. नारळापेक्षा ते त्यांना अधिक आवडेल.

आता शेवटचे दोन शब्द आपल्यातल्या आपल्यात. आज क्षेत्रोक्षेत्री यात्रानिवास झाले, पैसेवाल्यांसाठी हॉटेले झाली. एकादशीच्या सुमारास भाडी चढतात आणि गरीब वारकरी पुन्हा ओट्यावर येतो. तेव्हा ज्यांची घरे पायी वाटेवर आहेत, त्यांनी वारीच्या दिवसांत एक खोली, निदान एक पडवी झाडून ठेवावी. भाडे घ्यायचेच असेल तर चालून आलेल्या माणसाचे पाय पाहून घ्यावे. आणि आपण यात्रेकरूंनीही धर्मशाळेत जागा मिळाली की ती आपल्या बापाची समजून पसरू नये. उष्टे-खरकटे टाकू नये, भांडे घासून जागेवर ठेवावे, लवकर उठून मागून येणाऱ्याला जागा करून द्यावी. निघताना कोपऱ्यातला खराटा हातात घेऊन आपली जागा आपण झाडावी.

नाशिकच्या त्या धर्मशाळेतून पहाटे निघताना आम्ही तेवढे केले. झाडून वळलो तो दारात पडशी खांद्यावर घेतलेले एक म्हातारे जोडपे उभे होते. त्यांनी जागा आहे का म्हणून विचारले. आम्ही झाडलेल्या जमिनीकडे हात केला आणि त्र्यंबकच्या वाटेला लागलो.

रामकृष्णहरि.