एका देशाचे नामकर्ते : थॉमस सांकारा

पश्चिम आफ्रिकेतील अपर व्होल्टा या देशाने ४ ऑगस्ट १९८४ रोजी आपले नाव बदलले. त्या दिवसापासून तो बुर्किना फासो या नावाने ओळखला जाऊ लागला. हा निर्णय घेणारे राष्ट्राध्यक्ष थॉमस सांकारा त्या वेळी अवघे ३४ वर्षांचे होते. त्यानंतर जेमतेम तीन वर्षांनी त्यांची हत्या झाली आणि त्यांची अनेक धोरणे गुंडाळण्यात आली. त्यांनी दिलेले नाव मात्र आजही कायम आहे. देश आपली नावे का बदलतात आणि बदललेल्या नावांपैकी कोणती टिकतात, हे समजून घेण्यासाठी सांकारा यांचे अल्पायुषी जीवन उद्बोधक ठरते.

अपर व्होल्टा या जुन्या नावाचा अर्थ व्होल्टा नदीच्या वरच्या अंगाचा प्रदेश एवढाच होता. व्होल्टा हे नावही पोर्तुगीजांनी नदीला दिलेले. फ्रान्सने १९१९ मध्ये या नावाची स्वतंत्र वसाहत स्थापन केली. पुढे १९३२ मध्ये ती मोडून तिचा प्रदेश आयव्हरी कोस्ट, फ्रेंच सुदान आणि नायजर या शेजारच्या वसाहतींना वाटून दिला. आयव्हरी कोस्टमधील मळ्यांना मजूर पुरवणारा प्रदेश, हीच त्याची मुख्य ओळख बनली. १९४७ मध्ये वसाहतीची पुन्हा स्थापना झाली आणि ५ ऑगस्ट १९६० रोजी देश स्वतंत्र झाला. स्वातंत्र्यानंतरही जुनेच नाव राहिले. काळी, पांढरी आणि तांबडी व्होल्टा या नद्यांचे तीन रंग ध्वजावर होते. तेथे राहणाऱ्या माणसांविषयी मात्र ते नाव काहीच सांगत नव्हते.

याच देशातील याको या गावी २१ डिसेंबर १९४९ रोजी थॉमस सांकारा यांचा जन्म झाला. त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यातून लढले होते आणि नंतर सशस्त्र पोलीस दलात नोकरीस होते. वडिलांचे घराणे मोसी आणि फुलानी या दोन्ही समाजांशी नाते सांगणारे होते. अनेक भाषा व अनेक जनसमूह असलेल्या या देशात त्यांचे बालपण वडिलांच्या बदलीनुसार निरनिराळ्या भागांत गेले.

शालेय शिक्षणानंतर सांकारा यांनी लष्करी शिक्षणाची वाट धरली. १९७० मध्ये अधिकारी प्रशिक्षणासाठी ते मादागास्करला गेले. तेथे १९७२ मध्ये विद्यार्थी, कामगार व शेतकऱ्यांच्या आंदोलनामुळे फ्रान्सच्या कलाने चालणारे सरकार कोसळताना त्यांनी जवळून पाहिले. स्वातंत्र्य मिळाले तरी जुने संबंध आपोआप संपत नाहीत, हा धडा घेऊन ते मायदेशी परतले. १९७४ मध्ये मालीबरोबर झालेल्या सीमासंघर्षात त्यांचे नाव प्रथम देशभर झाले. १९७६ मध्ये घानाच्या सीमेजवळील पो येथील कमांडो प्रशिक्षण केंद्राची सूत्रे त्यांच्याकडे आली. त्याच सुमारास ब्लेझ कंपाओरे या तरुण अधिकाऱ्याशी त्यांची घनिष्ठ मैत्री जुळली.

१९८१ मध्ये लष्करी सरकारने त्यांना माहिती खात्याचे मंत्रिपद दिले. मंत्रिमंडळाच्या बैठकीला सायकलवरून जाणारा मंत्री म्हणून ते चर्चेचा विषय झाले. सरकारच्या दडपशाहीच्या निषेधार्थ १९८२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पुन्हा सत्तांतर झाल्यावर जानेवारी १९८३ मध्ये ते पंतप्रधान झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये नवी दिल्ली येथे भरलेल्या अलिप्त राष्ट्रांच्या शिखर परिषदेला ते उपस्थित होते. भारताच्या राजधानीत ते अपर व्होल्टा या जुन्याच नावाचे प्रतिनिधी म्हणून आले होते. दोन महिन्यांनी, १७ मे रोजी, त्यांना पदच्युत करून अटकेत टाकण्यात आले. राजधानी वागाडुगूत निदर्शने उसळली, पो येथील कमांडोंनी बंड पुकारले आणि ४ ऑगस्ट १९८३ रोजी कंपाओरे यांच्या नेतृत्वाखालील तुकड्यांनी राजधानी ताब्यात घेतली. सांकारा राष्ट्राध्यक्ष झाले.

या घटनेच्या पहिल्या वर्धापनदिनी देशाचे नामांतर झाले. नव्या नावाची घडण विचारपूर्वक केलेली होती. बुर्किना हा शब्द मोरे भाषेतील असून त्यात प्रामाणिकपणा व ताठ मानेने जगणे हा भाव आहे. फासो हा शब्द जुला भाषेतील असून त्याचा अर्थ वडिलांचे घर, अर्थात पितृभूमी. नागरिकांना बुर्किनाबे म्हणण्यात येऊ लागले. त्यातील शेवटचे अक्षर फुलानी समाजाच्या फुलफुल्दे भाषेतून घेतलेले आहे. मोसी हा देशातील सर्वांत मोठा समाज आणि त्यांची राज्ये शतकानुशतके जुनी. एखाद्या मोसी राज्याचे नाव देशाला देणे सहज शक्य होते, पण त्यामुळे इतर समाज परके ठरले असते. तीन भाषांतून घडवलेले नाव कोणा एकाचे नव्हते, म्हणूनच ते सर्वांचे होऊ शकले. नावाबरोबरच ध्वज आणि राष्ट्रगीतही बदलण्यात आले.

नव्या नावाला शोभेल असा कारभार करण्याचा प्रयत्न सांकारा यांनी केला. मंत्र्यांच्या आलिशान मोटारी विकून साध्या लहान मोटारी वापरात आणल्या गेल्या. १९८४ च्या अखेरीस सुमारे दोन आठवड्यांच्या मोहिमेत २० लाखांहून अधिक बालकांना गोवर, मेंदूज्वर व पीतज्वर यांच्या लसी टोचण्यात आल्या. वाळवंटाचा विस्तार रोखण्यासाठी वृक्षलागवड झाली. सक्तीचे विवाह आणि मुलींची सुंता या प्रथांविरुद्ध पावले उचलण्यात आली. सरकारी नोकरांनी देशी सुती कापड वापरावे, असा आग्रह धरण्यात आला. जुलै १९८७ मध्ये अदिस अबाबा येथे आफ्रिकी देशांच्या परिषदेत, परकीय कर्ज फेडण्यास सर्वांनी एकत्रितपणे नकार द्यावा, अशी भूमिका त्यांनी मांडली.

या कारकिर्दीची दुसरी बाजूही नोंदवणे आवश्यक आहे. नामांतराच्या काही महिने आधी संपावर गेलेल्या हजाराहून अधिक शिक्षकांना बडतर्फ करण्यात आले होते. जून १९८४ मध्ये उठावाचा कट रचल्याच्या आरोपावरून सात जणांना देहदंड देण्यात आला. राजकीय पक्षांना वाव नव्हता आणि क्रांती समित्यांच्या हाती अमर्याद अधिकार गेले होते. सचोटीचे नाव धारण करणाऱ्या देशात असहमतीला जागा उरली नव्हती. मित्रपक्ष व कामगार संघटना दुरावत गेल्या.

१५ ऑक्टोबर १९८७ रोजी वागाडुगू येथे एका बैठकीच्या वेळी सैनिकांनी केलेल्या गोळीबारात सांकारा आणि त्यांचे १२ सहकारी ठार झाले. सत्ता कंपाओरे यांच्या हाती गेली. त्यांनी मागील धोरणांची दिशा बदलली आणि २७ वर्षे राज्य केले. मात्र देशाचे नाव, ध्वज व राष्ट्रगीत यांना त्यांनी हात लावला नाही. याउलट, १९७१ मध्ये मोबुतु यांनी काँगोला दिलेले झैर हे नाव १९९७ मध्ये त्यांच्या सत्तेबरोबरच लयाला गेले. ते नाव लोकांना एका राजवटीची खूण वाटत होते. बुर्किना फासो हे नाव लोकांनी आपले मानले होते.

ऑक्टोबर २०१४ मध्ये जनआंदोलनामुळे कंपाओरे यांना देश सोडावा लागला. एप्रिल २०२२ मध्ये वागाडुगूच्या लष्करी न्यायालयाने सांकारा यांच्या हत्येप्रकरणी त्यांना त्यांच्या अनुपस्थितीत जन्मठेपेची शिक्षा सुनावली. त्याच वर्षी देशात दोनदा लष्करी उठाव झाले. दहशतवादी हिंसाचारामुळे लाखो नागरिक विस्थापित झाले आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये राजधानीतील जनरल द गॉल यांच्या नावाच्या हमरस्त्याला सांकारा यांचे नाव देण्यात आले. रस्त्याचे नाव एका आदेशाने बदलता येते. देशाच्या नावातील सचोटीचे वचन मात्र प्रत्येक राज्यकर्त्याला नव्याने पाळावे लागते, आणि ते पाळले जात आहे की नाही हे पाहण्याचा अधिकार त्या नावानेच बुर्किनाबे नागरिकांना दिला आहे.